तीन मिनिटांत शंभर फेरे

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले प्रमुख पाहुणे, आपल्या ध्वनिसंग्रहालयाच्या समितीतील सर्व सन्माननीय सदस्य, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आमच्या ताई, त्यांचे यजमान, मुलगा, सूनबाई, पहिल्या रांगेत पाय हलवत बसलेल्या त्यांच्या दोन नाती, आणि माझ्या सहकारी बंधुभगिनींनो,

गेल्या सोमवारी सकाळी आठ वाजता, कुणी कामावर यायच्या आत, मी रेकॉर्डच्या खोलीचं दार आतून लावून घेतलं. यंत्राची जी गोल थाळी फिरते, तिच्या कडेला बोटाच्या पेराएवढी पांढरी चिठ्ठी चिकटवली. थाळीवर एक रेकॉर्ड ठेवली, सुई टेकवली, मनगटावरचं घड्याळ काढून समोर मांडलं, आणि ती चिठ्ठी माझ्या नाकासमोरून किती वेळा जाते ते मोजत बसलो. पन्नाशीला आलेला गृहस्थ दार लावून एका कागदाच्या तुकड्याकडे टक लावून बसलाय आणि ओठ हलवतोय! शिपाईकाकांनी खिडकीतून पाहिलं असतं तर त्यांनी आधी माझ्या घरी फोन केला असता.

मी का मोजत होतो, ते सांगणार आहे. पण ते क्रमानं सांगितलं पाहिजे, कारण या भाषणाला ताईंनी अट घातली आहे.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांना म्हटलं, "ताई, निरोपाच्या कार्यक्रमात तुमच्याबद्दल मी बोलणार आहे."

त्या कपाटातून मान बाहेर न काढता म्हणाल्या, "माझ्याबद्दल पाच मिनिटांच्या वर बोललास तर मी उठून जाईन. माझ्या नाती येणार आहेत. त्यांना वाटतं आजी एवढी वर्षं काळ्या ताटल्या पुसत होती. रेकॉर्ड वाजते कशी ते सांग त्यांना. मास्तर आहेस ना तू? मग शिकव."

मला त्या पहिल्या दिवसापासून मास्तर म्हणतात. मी मास्तर नाही, यंत्रं सांभाळणारा माणूस आहे. पण मला समजावून सांगायची खोड आहे आणि ती माझ्या आधी ताईंच्या लक्षात आली.

तर मुलींनो, ही पाहा रेकॉर्ड. अशी धरायची. कडेला तळवे टेकवायचे, मध्ये कागदी गोल आहे तिथे हवं तर बोटं, पण या काळ्या भागाला हात लावायचा नाही. आपलं बोट कितीही धुतलेलं असलं तरी त्याला तेलाचा अंश असतो, त्यावर धूळ बसते, आणि मग गाण्यात कढईत काही तडतडावं तसा आवाज येतो. मी नोकरीला लागलो त्या दिवशी या अशाच एका रेकॉर्डवर माझा अख्खा पंजा उमटवला होता. ताईंनी ती उजेडात धरली आणि म्हणाल्या, "वा, ओळखपत्र मिळालं तुझं."

आता सांगा, या एका बाजूवर चर किती आहेत? चर म्हणजे या बारीक बारीक रेघा. हं? हजार? थोरली म्हणते हजार. धाकटी? "खूप." ठीक आहे. ताईंनी हा प्रश्न इथे येणाऱ्या प्रत्येक शाळेच्या सहलीला विचारला आहे, आणि मला आठवतंय तसं बरोबर उत्तर एकदाच आलं होतं, तेही एका बसच्या चालकाकडून. उत्तर आहे, एक. एकच चर बाहेरच्या कडेपासून सुरू होतो आणि गोल गोल फिरत आत जातो. सरळ उलगडून ठेवला तर जवळजवळ अर्धा किलोमीटर भरेल, आणि रुंदीला आपल्या केसाहूनही बारीक.

या चराच्या दोन भिंती असतात, आणि त्या सरळ नसतात, नागमोडी असतात. आवाज म्हणजे थरथर. माझ्या गळ्यात थरथर होते, ती हवेला लागते, हवा तुमच्या कानाला सांगते. रेकॉर्ड करताना हीच थरथर एका धारदार पात्याला देतात आणि ते पातं फिरत्या तबकडीवर आपली वाट कापत जातं. बारीक आवाज असेल तर वळणं जवळजवळ, जाड आवाज असेल तर लांब लांब. मोठ्यानं गायलं तर वळण रुंद, कुजबुजलं तर अगदी नाजूक. त्या तबकडीवरून धातूचा ठसा करतात, उलटा, म्हणजे चराच्या जागी उंचवटा. मग गरम, मऊ प्लास्टिकचा गोळा दोन ठशांमध्ये दाबला की झाली रेकॉर्ड. त्या प्लास्टिकला व्हायनिल म्हणतात. आजीच्या काळ्या ताटल्या त्या याच.

वाजवताना सगळं उलटं. सुईच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. तो चरात उतरतो आणि भिंती त्याला हलवतील तसा हलतो. सुईच्या मागे इवलंसं चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. सुई हलली की त्या तारेत विजेची अगदी क्षीण लहर उठते. ती यंत्र मोठी करतं, ती कर्ण्यातल्या कागदी पडद्याला हलवते, पडदा हवेला हलवतो. म्हणजे गाणाऱ्याच्या गळ्यात जे झालं, तेच पुन्हा या खोलीच्या हवेत होतं. चराची एक भिंत डाव्या कर्ण्यासाठी, दुसरी उजव्यासाठी, आणि दोन्ही निरोप ही एकच सुई पोचवते.

मला हे आधी पुस्तकातून माहीत होतं. पटलं मात्र ताईंमुळे. माझ्या पहिल्या आठवड्यात त्यांनी एक चिरलेली, टाकाऊ रेकॉर्ड घेतली, जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा शंकू केला, टोकाला टाचणी खोचली, आणि म्हणाल्या, "फिरव थाळी बोटानं." मी फिरवली. त्यांनी टाचणी चरात टेकवली. वीज नाही, तार नाही, आणि त्या कॅलेंडरमधून एक बाई गायला लागली! किरट्या आवाजात, पण गात होती. माझ्या अंगावर काटा आला. मी देवाधर्माचा माणूस आहे, फार बोलून दाखवत नाही. पण त्या दिवशी घरी जाऊन देवासमोर बसलो तेव्हा मनात आलं, माणूस गेल्यावरही त्याची थरथर अशी जपून ठेवता येते, ही काय लहान गोष्ट आहे का? (चांगल्या रेकॉर्डवर हा प्रयोग करू नका, मुलींनो. टाचणी चर खरवडते. आजी रागावेल, आणि आजीचा राग काय असतो ते सर्व कर्मचारीवर्ग सांगू शकेल.)

एक गंमत आणखी. ढोलासारख्या जाड आवाजाला वळण फार रुंद लागतं, इतकं की चर शेजारच्या फेऱ्यात घुसेल. म्हणून कापतानाच जाड आवाज मुद्दाम कमी करतात आणि वाजवणारं यंत्र तो पुन्हा तेवढाच वाढवतं. कापणारा आणि वाजवणारा एकमेकांना कधी भेटत नाहीत, पण दोघांनी नियम पाळला तरच गाणं खरं लागतं. हे वाक्य लक्षात ठेवा. मी त्यावर परत येणार आहे.

आता गती. ही रेकॉर्ड मिनिटाला किती फेरे घेते? तेहतीस आणि एक तृतीयांश. माझ्या गावच्या शाळेत चार इयत्तांना एकच खोली आणि एकच गुरुजी. त्यांनी हा आकडा ऐकला असता तर खडू उचलून म्हणाले असते, "तिनानं गुणा पोरांनो, अपूर्णांक जाईल." तेहतीस आणि एक तृतीयांश गुणिले तीन. शंभर. म्हणजे तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे. कमी झाले तर आवाज जड आणि रेंगाळलेला, जास्त झाले तर बारीक आणि लगबगीचा.

ही गती तपासायला थाळीच्या कडेला ठिपके असतात. जुन्या ट्यूबलाइटचा उजेड आपल्याला स्थिर वाटतो, पण तो सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्या उजेडात गती बरोबर असली की फिरत्या थाळीवरचे ठिपके जागच्या जागी उभे दिसतात. थाळी जास्त वेगात असली की ठिपके पुढे सरकतात, मागे पडली की मागे. मग बाजूची बारकी गुंडी फिरवून जमवायचं.

प्रमुख पाहुण्यांना वाटत असेल, या गृहस्थाला निरोपाचं भाषण सांगितलं होतं की तंत्रशिक्षणाचा तास? साहेब, आता आलोच.

दोन वर्षांपूर्वी समितीनं ठरवलं की सगळ्या रेकॉर्डी संगणकात उतरवायच्या. काम माझ्याकडे आलं. त्याच महिन्यात खोलीतल्या ट्यूबलाइटी काढून नवे एलईडी दिवे बसवले. छान उजेड, डोळ्यांना त्रास नाही. पण तो उजेड लुकलुकत नाही. त्यामुळे थाळीवरचे ठिपके दिसेनासे झाले, नुसता करडा पट्टा फिरताना दिसायचा. आणि मी काय केलं? मी म्हणालो, वीस वर्षं हेच काम करतोय, मला ठिपके कशाला हवेत? रोज सकाळी गुंडी कानानं लावायला लागलो.

कानाची एक खोड असते. गाणं किंचित वेगात वाजलं तर ते तरतरीत वाटतं. मला ते बरं वाटे. ऐकणाऱ्यांनाही वाटे. "काय ताजं वाजतंय हो!" असं आपल्यापैकी कितीजण येऊन म्हणाले! मी मान डोलावून घेतली.

आठ महिन्यांपूर्वी ताईंच्या वडिलांची रेकॉर्ड उतरवली. नव्या मंडळींसाठी सांगतो, ताईंचे वडील घड्याळजी होते. पूर्वी आपल्या संस्थेनं निरनिराळ्या कारागिरांचे आवाज रेकॉर्ड केले होते, त्यात चार मिनिटं ते बोलले आहेत, घड्याळाला चावी कशी द्यावी यावर. दुकानात बसूनच बोलले, त्यामुळे त्यांच्या मागे भिंतीवरचं मोठं लंबकाचं घड्याळ सेकंदाला एक ठोका देताना ऐकू येतं. संगणकातली प्रत ताईंनी ऐकली, आणि कानावरचे हेडफोन काढून ठेवले.

"मास्तर, हे दादा नाहीत."

"म्हणजे?"

"दादा शब्द चावून चावून बोलायचे. हा माणूस गाडी पकडायला निघालाय."

मी हसलो. म्हटलं, "ताई, आठवणीतला आवाज नेहमी सावकाश असतो."

"आठवणीचं सोड. मी ठोके मोजले. साठ ठोके अठ्ठावन्न सेकंदांत होतात."

मग मी काय करावं? मी मूळ रेकॉर्ड आणली, त्याच यंत्रावर, त्याच गुंडीवर लावली, आणि विजयी मुद्रेनं म्हणालो, "बघा, मूळही तस्सं वाजतंय." आरोपीलाच पंच नेमलं मी.

प्रकरण समितीच्या सभेत गेलं. कारण उतरवलेल्या रेकॉर्डी मोडीत काढायच्या होत्या, आणि प्रती बरोबर असल्याच्या दाखल्यावर ताईंची आणि माझी अशा दोन सह्या लागत होत्या. माझी सही तयार होती. ताई सही करेनात. त्यांनी सभेत ठोक्यांचा हिशेब सांगितला. आणि मी, मोठ्या आवाजात, सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, तुमच्या वडिलांचं घड्याळच पुढे जात असेल!"

सभा हसली. आपण सगळे हसलो.

ताई उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला. "माझ्या वडिलांचं घड्याळ?" एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. मी तिथेही थांबलो नाही. म्हणालो, साठीला आलं की कान असे दगा देतात. हे वाक्य त्या दिवसाच्या इतिवृत्तात जसंच्या तसं आहे. तेव्हापासून आपल्या इमारतीत एक समज पसरला, की ताई मोठ्या, पण आता जरा हेकट झाल्यात. चहाच्या टेबलावर कुणी कुणाचं ऐकलं नाही की म्हणायचे, "काय, तुलाही ठोके ऐकू यायला लागले काय?" ताई शेजारच्याच टेबलावर असायच्या. चहा संपवायच्या आणि रेकॉर्डी पुसायला जायच्या.

शेवटी ठरलं की ताई निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागी जो येईल त्यानं सही करावी. त्यांच्या जागी मी आलो आहे. म्हणजे दोन्ही सह्या माझ्याच. मोडीची गाडी येत्या सोमवारी येणार होती. अकराशे बेचाळीस रेकॉर्डी.

गेल्या सोमवारी सकाळी तो दाखला भरायला मी लवकर आलो. त्यात एक रकाना आहे, "गती तपासली आहे काय?" दोन वर्षं मी त्यात "होय" लिहीत आलो. त्या दिवशी लेखणी थांबली. कशानं थांबली सांगता येणार नाही. तासाभरापूर्वीच घरी देवापुढे बसून एकशे आठ वेळा नाम घेतलं होतं. तिथे मोजताना चुकलं तर मी पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, कुणी बघत नसतं तरीही. आणि इथे न मोजताच "होय" लिहितो?

म्हणून चिठ्ठी चिकटवली. तीन मिनिटं झाली तेव्हा आकडा होता, एकशे तीन.

वाटलं, मोजायला चुकलो. पुन्हा मोजलं. एकशे तीन. मग अडगळीच्या खोलीतून जुनी ट्यूबलाइट काढून आणली, जोडली, खोलीतले नवे दिवे बंद केले. ठिपके दिसले. दोन वर्षांनी दिसले, आणि सगळेच्या सगळे पुढे पळत होते. गुंडी हळूहळू मागे घेतली. ठिपके मंदावले आणि उभे राहिले. पुन्हा तीन मिनिटं मोजली. शंभर.

मग ताईंच्या वडिलांची रेकॉर्ड लावली. साठ ठोके. साठ सेकंद. एकाचाही फरक नाही. त्या माणसाचं घड्याळ तेव्हाही बरोबर होतं, आजही बरोबर आहे. आणि त्यांच्या मुलीचे कानही.

समितीतले एक सदस्य आत्ता शेजाऱ्याच्या कानात काय म्हणाले ते मला इथून समजलं. "संगणकात तीन टक्के कमी करून टाका की." नाही होणार. गुंडी मी रोज हातानं लावत होतो. कुठल्या दिवशी दोन टक्के, कुठल्या दिवशी चार, हे मलाच ठाऊक नाही. खरं काय होतं ते फक्त त्या काळ्या तबकड्यांना माहीत आहे, आणि आपण त्याच मोडीत काढायला निघालो होतो. मघाशी म्हणालो ना, कापणारा आणि वाजवणारा दोघांनी नियम पाळला तरच गाणं खरं लागतं? कापणाऱ्यांनी पाळला होता. वाजवणारा मी होतो.

ताई, मी हे तुम्हाला सोमवारीच खोलीत येऊन सांगू शकलो असतो. ते माझ्या सोयीचं झालं असतं. पण तुम्हाला मी हसलो होतो ते सभेत, म्हणून सभेची वाट पाहिली. या पाच दिवसांत तुम्ही दोनदा विचारलंत, "मास्तर, तोंड का उतरलंय?" आणि मी सांगितलं, भाषण पाठ करतोय. ते अगदीच खोटं नव्हतं.

आमचे गुरुजी पाटीवरचं चुकलेलं उत्तर पुसू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "ते राहू दे, शेजारी बरोबर लिही. पुन्हा चुकशील तेव्हा कुठे चुकला होतास ते दिसलं पाहिजे." म्हणून अध्यक्ष महोदय, माझी विनंती आहे की इतिवृत्तातलं माझं ते वाक्य खोडू नये. त्याच्या शेजारी आजची तारीख घालून लिहावं, की ताईंचे कान बरोबर होते आणि यंत्र चुकीचं लावलेलं होतं. चुकीच्या प्रतीही मी पुसणार नाही. प्रत्येकीवर तशी चिठ्ठी लावून ठेवणार आहे.

समारोपाकडे येतो. अध्यक्षांचे आभार, कारण आज सकाळी सव्वादहाला मी त्यांच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं, ते त्यांनी माझ्यासमोरच वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, आणि "हे भाषणात बोलणार आहात?" एवढंच विचारलं. मी हो म्हणालो. ते म्हणाले, "बोला. फक्त थोडक्यात, पाहुण्यांना पुढे जायचं आहे." तेवढं मात्र मला जमलेलं नाही. प्रमुख पाहुण्यांचे आभार, त्यांनी एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही, निदान मला दिसेल असं. ताईंच्या घरच्यांचे आभार, त्यांनी आपलं माणूस इतकी वर्षं आम्हाला दिलं. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, आपलेही आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द वेडावाकडा गेला असेल, तर मोठ्या मनानं पदरात घ्या. तेवढ्यापुरतीच माफी मागतो. त्या दुसऱ्या चुकीसाठी नुसती माफी पुरणार नाही, तिला अकराशे बेचाळीस रेकॉर्डी लागतील, आणि पहिली मी उतरवून ठेवली आहे.

पाकिटात दोन कागद आहेत. एक, गेल्या दोन वर्षांत मी सही केलेले सगळे दाखले मागे घेत असल्याचं पत्र. दुसरा, तो सोमवारचा दाखला. त्यात गतीच्या रकान्यात मी "नाही" लिहिलं आहे आणि त्याखाली सही केली आहे. मोडीची गाडी मी कालच फोन करून रद्द केली.

शिपाईकाका, सभागृहातले दिवे घालवा. या टेबलावरची ट्यूबलाइट तेवढी राहू द्या. मुलींनो, इकडे या, हे ठिपके पाहा. उभे आहेत ना? नीट पाहून सांगा. हं.

ताई, तुमच्या मनगटावर दादांचं घड्याळ आहे. साठ ठोके मोजा.

सुई ठेवतो.